रॉरी मॅकइव्हरची कबर

पोर्ट कॅलन
मंगळवार, १८ नोव्हेंबर १९१३

चिरंजीव रॉरी,

'चिरंजीव' मी मुद्दाम लिहिलं आहे. गेल्या गुरुवारी आम्ही तुला पुरलं.

बसून वाच. उभ्याउभ्या पाकीट फाडून वाचायची तुझी सवय मला माहीत आहे. पोर्ट आर्थरच्या ज्या खानावळीतून गेल्या नाताळात तुझ्या चार ओळी आल्या होत्या, त्याच पत्त्यावर हे पाठवते आहे. तिथे असशील तर मिळेल. नसशील तर मी हे कुणाला लिहिते आहे, याचा विचार मी आज करणार नाही.

नऊ तारखेच्या रविवारी आपल्या ह्युरॉन तळ्यावर वादळात काय झालं ते तू वाचलं असशील. वर्तमानपत्रात आलं की किनाऱ्यावरचे लोक असहाय होते. असहाय म्हणे. लिहिणारा माझ्यासमोर यायला हवा होता. सकाळच्या प्रार्थनेला बसलो तेव्हाच बर्फ आडवा मारत होता. प्रवचन निम्म्यावर आलं आणि तळ्यावरून भोंगा ऐकू आला. तुझे वडील बाकावरून उठले, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "ही अलेक्झांडर रीव्ह. बंदराच्या उत्तरेला आहे, आणि तिला आपण दिसत नाही." बोट सोडून त्यांना तीन वर्षं झाली, पण भोंग्यावरून बोट ओळखण्यात अजूनही त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. पाद्रीबाबांनी तिथेच प्रवचन मिटलं.

दिसत नसेल तर निदान कानाने तरी किनारा कळावा म्हणून आम्ही बायकांनी चर्चची घंटा वाजवायला घेतली. पुरुष होडी आणि दोर घेऊन धक्क्यावर गेले. तीनदा होडी लोटली, तीनदा पाण्याने ती माणसांसकट परत फेकली. चौथ्यांदा लोटायला होडीच उरली नव्हती. इकडे टपाल कचेरीतली पेगी मॉरिसन, तिचा दमा तुला ठाऊक आहे, तीसुद्धा दोर सोडायला तयार नव्हती. सतरा तास ती घंटा आम्ही थांबू दिली नाही. माझे तळहात सोलून निघाले आहेत, अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळे. भोंगा दुपारी चारच्या सुमारास थांबला. आम्ही थांबलो नाही. बोटीला ओरडता येत नव्हतं म्हणजे बोटीवरच्यांना ऐकू येत नव्हतं, असं थोडंच आहे.

मंगळवारी वारा पडला आणि माणसं किनाऱ्याला लागायला लागली. आपल्या हद्दीत नऊ जण. तरंगायचे कॉर्कचे पट्टे बांधलेले आणि अंगावर बर्फाचा थर. स्लेजवरून आणून त्यांना टेटच्या फर्निचरच्या दुकानात ठेवलं, विक्रीच्या जेवणाच्या टेबलांवर, कारण दुसरीकडे एवढी जागा नव्हती. रीव्हच्या खलाशांची यादी रीव्हवरच होती, ती तळाशी गेली. त्यामुळे खिसे बघून नावं लावायची. चौथ्या माणसाच्या आतल्या खिशात मेणकापडात गुंडाळलेलं निळं पुस्तक निघालं. बोटमालकांच्या संघाचं ते पुस्तक, जे दाखवल्याशिवाय आता एकही कप्तान माणसाला बोटीवर चढू देत नाही. त्यावर तुझं पूर्ण नाव होतं, रॉडरिक मॅकइव्हर, पोर्ट कॅलन.

टेटने तुझ्या वडिलांना बोलावलं. ते एकटे आत गेले, कागदावर सही करून बाहेर आले. रस्त्यावर अर्धं गाव उभं होतं. सगळ्यांच्या देखत त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "माझा मुलगा आहे. मी त्याला घरी नेतो." 'माझा मुलगा' हे शब्द मी त्यांच्या तोंडून चार वर्षांत ऐकले नव्हते.

घरी आणल्यावर अंघोळ मी घातली. दार लावून, एकटीने. आपल्याकडे तो आईचा हक्क आहे आणि त्यात कुणी मध्ये येत नाही. दगडांनी आणि बर्फाने चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. उंची तुझी. केस तुझ्यासारखे. हात मी शेवटी धुतले. डाव्या हाताची करंगळी अख्खी होती.

तू अकरा वर्षांचा असताना तुझी अर्धी करंगळी जाळं ओढायच्या रहाटात गेली. रक्त थांबवायला मी माझं ॲप्रन फाडलं होतं. माणसाला नवी करंगळी फुटत नाही.

तर हा कोण? आणि तुझं पुस्तक त्याच्याकडे कसं? मी कुणाला एक शब्द बोललेले नाही. का, ते विचारू नकोस. मला फक्त त्याचं नाव कळव.

घरी ये असं मी यात कुठेही लिहिलेलं नाही, हे नीट बघून घे.

तुझी आई,
एफी मॅकइव्हर


पोर्ट कॅलन
१४ डिसेंबर १९१३

चिरंजीव रॉरी,

तुझं उत्तर नाही. चार आठवडे झाले.

मागचं पत्र टाकायला गेले तेव्हा पेगीने पाकिटावरचं नाव वाचलं आणि चष्मा काढला. म्हणाली, "एफी, गेलेल्या मुलाला पत्र?" मी म्हटलं, "तुझं काम शिक्का मारायचं आहे, पेगी." तिने मारला. पण तेव्हापासून दुकानात गेलं की बायका माझ्याशी जरा हळू आवाजात बोलतात आणि मला बटाटे मोठे बघून देतात. हे पत्रही तिच्याच हातून जाणार आहे. मारू दे शिक्का.

तुझ्या अंत्ययात्रेचं सांगते, तुला मजा वाटेल. शवपेटी चार कप्तानांनी खांद्यावर घेतली. सगळ्या नऊ पेट्या एकाच वेळी टेकडीवर गेल्या, दुकानं बंद, शाळा बंद. तुझी पहिली. स्तोत्राची ओळ आधी तुझ्या वडिलांनी एकट्याने म्हणायची आणि मग सगळ्यांनी ती ओढायची, ही इथली रीत त्यांनी त्या दिवशीही दुसऱ्या कुणाला दिली नाही. उघड्यावर, त्या थंडीत, त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. पेटीत कोण आहे हे मला एकटीला माहीत होतं, आणि तरी त्यांच्याकडे बघताना माझा ऊर भरून आला. नवरा असावा तर असा, असं मला पस्तीस वर्षांत दुसऱ्यांदा वाटलं. पहिल्यांदा कधी, ते तुला सांगायचं कारण नाही.

नऊपैकी चौघांना नावं मिळाली. पाच जणांच्या कबरीवरच्या लाकडी फळ्यांवर नुसतं 'खलाशी' लिहिलं आहे. तू चौघांतला.

तुझे वडील बदललेत. रोज सकाळी दाढी करून पिपंवाल्या अँगसच्या दुकानात जातात, शेगडीशी बसतात आणि तुझ्याविषयी बोलतात. तू सात वर्षांचा असताना धुक्यात होडी वल्हवत आणलीस ती गोष्ट मी परवा अँगसच्या बायकोकडून पुन्हा ऐकली. तिच्यात आता धुकं दाट झालं आहे आणि होडी मोठी. "पोरगा शेवटी बोटीवर गेला," असं ते सगळ्यांना सांगतात. "नोव्हेंबरच्या शेवटच्या फेरीवर. भित्रे तेव्हा कधीच घरी जाऊन बसलेले असतात."

चार वर्षांपूर्वीच्या खलाशांच्या संपाचं ते कधीच बोलत नाहीत. मी बोलते. तू धक्क्यावर संपकऱ्यांत उभा होतास आणि ते भाड्याची माणसं घेऊन बोट बाहेर काढत होते. तू शिव्या घातल्या असत्यास तर त्यांनी सोसलं असतं. तू पाठ फिरवलीस. त्या संध्याकाळी आपल्या दाराला पहिल्यांदा आतून कडी लागली. बाप तसा आणि लेकही तसाच, मी मधल्यामध्ये कुणाची समजूत काढू?

पण एक गोष्ट तुला माहीत नसेल. ते निळं पुस्तक. संपामुळे काळ्या यादीत गेलेल्या तुझ्यासारख्या माणसाला ते मिळत नाही. त्यांनी गेल्या वर्षी कुणाकुणाचे उंबरे झिजवले, ज्यांच्याशी जन्मात बोलले नसते त्यांच्यासमोर टोपी हातात घेऊन उभे राहिले, तेव्हा ते मिळालं. तुला पाठवताना आत चिठ्ठी नव्हती म्हणून तू चिडला असशील. त्यांना चिठ्ठी लिहिता येत नाही रे. ते पुस्तक हीच चिठ्ठी होती. आणि तू ते कुणाला तरी देऊन टाकलंस. काय आहे ते कळलं नाही म्हणून दिलंस, की कळलं म्हणूनच दिलंस?

मालकांकडून काळ्या काठाचं पत्र आलं आहे. त्यात तुला 'निष्ठावान' म्हटलंय. तुला. वडिलांनी ते काच लावून चुलीवरच्या भिंतीवर टांगलं आहे. त्याखाली उभी राहून मी ओटची लापशी हलवते आणि हसू दाबते. मग हसू राहत नाही.

पाथरवट डंकनकडे करड्या ग्रॅनाइटचा दगड सांगितला आहे. जमीन गोठली आहे, वसंतात बसवू, असं म्हणून मी वेळ काढला आहे. नाव कळव.

आई


पोर्ट कॅलन
२२ फेब्रुवारी १९१४

रॉरी,

तीन महिने. एवढा मान मी माझ्या बापाचाही ठेवला नव्हता, तुझा ठेवते आहे आणि दर आठवड्याला टपालाच्या खिडकीशी जाऊन उभी राहते आहे. पेगी मला बघितलं की न विचारताच मान हलवते.

आज खरं सांगते, कारण बाहेर तळं पूर्ण गोठलं आहे, तुझे वडील बर्फाला भोक पाडून मासे धरायला गेलेत आणि घरात कुणी नाही.

मी गप्प का राहिले, त्याची कारणं मी स्वतःला तीन सांगत होते. एक, मी बोलले असते तर तो माणूस सहावी फळी झाला असता, 'खलाशी'. आपल्या घराच्या नावाने गेला तर निदान त्याच्यासाठी स्तोत्र म्हटलं गेलं, त्याच्या डोळ्यांवर कुणीतरी हात ठेवला. दुसरं, तुझ्या वडिलांचं तोंड. चार वर्षांनी त्या माणसाने तुझं नाव घेतलं होतं आणि मी ते त्यांच्या तोंडातून काढून घेणार होते का?

तिसरं कारण खरं. ती करंगळी बघितली तेव्हा मला आनंद झाला. समोर कुणाचातरी मुलगा निपचित पडला होता, त्याच्या केसांतून वाळू निघत होती, आणि मी टेबलाला धरून उभी राहून हसत होते. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ओला फडका तोंडात धरला होता. एवढा आनंद मला तू जन्मलास तेव्हाही झाला नव्हता, तेव्हा मी थकलेले होते. मग मला माझी लाज वाटली. त्या लाजेपोटी मी त्याला तुझा चांगला सदरा घातला आणि तुझं नाव दिलं. दुसरं माझ्याकडे त्याला द्यायला काय होतं?

पण आता मला झोप लागत नाही ती त्याच्यामुळे. कुठेतरी एक बाई आहे जिला अजून काही कळलेलं नाही. माझ्यासारखीच ती टपालाच्या खिडकीशी उभी राहत असेल. तिचा माणूस माझ्या मुलाचा मान घेऊन माझ्या टेकडीवर झोपला आहे आणि मी तिला सांगू शकत नाही, कारण ती कोण हे फक्त तुला माहीत आहे.

आणि दुसरी एक भीती आहे. त्या रविवारी तळ्यावर एकटी रीव्ह नव्हती. तू पुस्तक देऊन टाकलंस आणि स्वतः बिनपुस्तकाचा, खोट्या नावाने दुसऱ्या कुठल्या बोटीवर चढलास, असं तर नाही ना झालं? मग दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या बाईने तुझी अर्धी करंगळी धुतली असेल.

शिवी दे, पण लिही.

आई


पोर्ट कॅलन
रविवार, १० मे १९१४

चिरंजीव रॉरी,

मंगळवारी पेगी स्वतः चालत घरी आली. दम लागला होता, बोलता येईना, नुसतं पाकीट पुढे केलं. तुझं अक्षर बघून मी तिला आत बसवलं आणि चहा दिला, आणि तिने तो पिईपर्यंत पाकीट उघडलं नाही. एवढी ऐट मी अजून राखून आहे. ती गेल्यावर मात्र मी दाराशीच खाली बसले.

म्हणजे तू ऑक्टोबरपासून जंगलात लाकडाच्या छावणीत होतास, आणि माझी तिन्ही पत्रं खानावळीच्या फडताळात पडून होती. बरं. तिथल्या मालकिणीला माझा नमस्कार सांग आणि सांग की फडताळ अधूनमधून झाडत जा.

ऑस्कारी केतोला. मी ते नाव दहादा मोठ्याने म्हणून बघितलं. संपात तो तुझ्या शेजारी उभा होता, त्याचं नाव काळ्या यादीत होतं, घरात बायको सान्नी आणि तीन वर्षांची मुलगी, आणि एकही बोट त्याला घेईना. तू लिहिलंस, "बाबांचं पुस्तक मला वापरायचं नव्हतं आणि त्याच्या घरी चूल पेटत नव्हती, म्हणून दिलं." वाईट केलं नाहीस. मी तुला असंच वाढवलं होतं, याची मला आठवण झाली.

पण पुढचं मला दोनदा वाचावं लागलं. त्याचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही, म्हणून तिथले लोक सान्नीला म्हणतात की नवरा पळून गेला. सहा महिने ती बाई हे ऐकते आहे. आणि तू मला लिहितोस, "सान्नीला मी सांगितलं आहे, ती कुणाला बोलणार नाही. बाबांना सांगू नकोस. त्यांना मेलेला मुलगा जास्त आवडतो, तर तो राहू दे."

अरे वा. सान्नीने गप्प बसायचं, कारण मॅकइव्हरांच्या बापलेकांना एकमेकांचं तोंड बघायचं नाही. मी ते पत्र त्याच दिवशी तुझ्या वडिलांच्या ताटाशेजारी ठेवलं.

त्यांनी वाचलं. हेरिंग मासा ताटात तसाच राहिला.

मी विचारलं, "टेटच्या दुकानात तुम्ही चादर उचललीत का, कॅप्टन?" राग आला की मी त्यांना कॅप्टन म्हणते, हे तुला ठाऊक आहे.

"नाही," ते म्हणाले.

"मग सही कशावर केलीत?"

"पुस्तकावर नाव होतं, एफी. जन्मभर मी कागद बघून माणूस घेतला. टेट म्हणाला, हे बघा पुस्तक. मी म्हटलं, बस." मग म्हणाले, "हात चादरीपर्यंत गेला होता. पुढे जाईना."

"त्याची दहाही बोटं शाबूत होती."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि सहा महिने तू मला त्याच्यासाठी रडू दिलंस?"

"तुम्ही रडलात कुठे? तुम्ही मिरवलंत."

हे मी बोलायला नको होतं. बोलले. त्यांनी ते ऐकून घेतलं, लाकडांच्या पेटीवर बसले आणि अगदी हळू म्हणाले, "म्हणजे पोरगा जिवंत आहे." प्रश्न नव्हता तो. मी हो म्हटलं. मग ते परसात गेले आणि हिवाळा संपलेला असताना दुपारभर लाकडं फोडली. पुढच्या दोन हिवाळ्यांची सोय झाली.

आत आले ते सरळ चुलीपाशी. भिंतीवरचं काळ्या काठाचं पत्र काढलं, काच बाजूला ठेवली, कागद चुलीत घातला. "ज्या माणसाला यांनी दारात उभं केलं नाही, त्याला हे निष्ठावान म्हणतात," ते म्हणाले. "आणि मी ते भिंतीवर लावलं." काच मात्र पुसून फडताळात ठेवली. चांगली काच आहे.

आज चर्चमध्ये शेवटचं स्तोत्र झाल्यावर ते खाली बसले नाहीत. लोकांना वाटलं अजून एक म्हणायचंय. त्यांनी बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"नोव्हेंबरात मी तुम्हाला सांगितलं की टेटच्या दुकानात माझा मुलगा आहे. मी चादर उचलली नव्हती. तो माझा मुलगा नव्हता. त्याचं नाव ऑस्कारी केतोला. संपात होता म्हणून त्याला बोट मिळत नव्हती, आणि तो संप मोडणाऱ्यांत मी होतो. माझ्या मुलाने त्याला आपलं नाव दिलं. माझा मुलगा जिवंत आहे, आणि माझ्यापेक्षा बरा माणूस आहे. एवढंच."

टेट स्वतःच्या बुटांकडे बघत होता. बाहेर पडताना पेगी मला म्हणाली, "मला तर पहिल्या पाकिटावरच कळलं होतं. उगाच शिक्के मारले का मी?"

आम्ही दोघं मधल्या रस्त्याने घरी आलो. मागच्या गल्लीने नाही. मी त्यांचा हात धरला होता, आणि सगळ्या गावाने बघावं असं मला वाटत होतं. रॉरी, वादळातून बोट काढणारे पुष्कळ बघितले मी. असं उभं राहणारा एकच.

सान्नीला आम्ही बोलावलं आहे. तुझ्याविषयी या पत्रात काहीही मागितलेलं नाही.

आई


पोर्ट कॅलन
१९ जुलै १९१४

चिरंजीव रॉरी,

सान्नी येऊन गेली. तिकडे तिला भेटशील तेव्हा ती सांगेलच, पण ती कमी बोलते, म्हणून मी लिहिते.

तुझ्या वडिलांनी कप्तानाचा कोट बाहेर काढला. जुलैच्या उन्हात, पितळी बटणं घासून. मी म्हटलं, "उकडेल." म्हणाले, "उकडू दे." स्टेशनवर ते गाडीच्या अर्धा तास आधी उभे होते. लहान चणीची बाई उतरली, काळा रुमाल, हातात कापडात बांधलेली राईची भाकरी, आणि मुलगी झोपलेली. तुझ्या वडिलांनी टोपी काढली, मुलीला खांद्यावर घेतलं आणि सान्नीला दुसरा हात दिला. पिपंवाला अँगस, टेट, पाद्रीबाबा, जो जो वाटेत भेटला त्याला थांबवून सांगितलं, "ही ऑस्कारी केतोलाची बायको. रीव्हवरच्या केतोलाची." टेकडीपर्यंत पोचायला आम्हाला तासभर लागला. त्या बाईची मान स्टेशनवर खाली होती. चर्चच्या वळणापर्यंत ती सरळ झाली होती, मी बघत होते.

ती दूर देशाहून आलेली, तिची आपली भाषा बेताची आहे. कबरीपाशी तिने मला विचारलं, "तुम्ही त्याला धुतलं?"

"हो."

"हात कसे?"

"अख्खे," मी म्हटलं. "दहाही बोटं. काही झालेलं नव्हतं."

तिने मान हलवली. "व्हायोलिन वाजवायचा," ती म्हणाली. मग ती रडली, आणि मीही. ज्या बोटांनी मला हसवलं होतं त्यांच्यासाठी रडायला मला आठ महिने लागले.

घंटा तिला ऐकायची होती. मी दोर तिच्या हातात दिला. तिने एकदाच वाजवली, आणि मग मुलीला उचलून तिच्याकडूनही एकदा. तिने ती भाकरी आपल्या टेबलावर कापली आणि पहिला तुकडा तुझ्या वडिलांना दिला. मालकांना आता गावातल्या बावीस जणांच्या सह्यांचं पत्र गेलं आहे, पहिली सही कॅप्टन फिनले मॅकइव्हर, की मेलेल्यांच्या यादीत केतोला हे नाव घालावं. उत्तर आलं नाही तर ते स्वतः जाणार आहेत. तोच कोट घालून.

आता दगडाचं. एप्रिलमध्ये बसवला होता तो, तुझ्या नावाचा. डंकन म्हणाला, "नाव घासून काढतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे." तुझे वडील म्हणाले, "घासायचं नाही. दगड फिरव." मग डंकनने तो उपटून फिरवला आणि कोऱ्या बाजूवर ऑस्कारी केतोला, गाव, वय, सगळं खोल कोरलं. खाली एक ओळ तुझ्या वडिलांनी सांगितलेली, 'याला इथे आधी दुसऱ्या नावाने मान दिला होता.' ती बाजू वाटेकडे आहे, येणाराजाणारा वाचतो.

तुझं नाव मागच्या बाजूला आहे. तळ्याकडे तोंड करून. उजेड बरोबर असला तर बंदरात शिरणाऱ्या बोटीवरून दुर्बिणीने वाचता येतं, असं अँगस सांगतो. मी तुझ्या वडिलांना म्हटलं, जिवंत माणसाचं नाव स्मशानात बरं दिसत नाही. ते म्हणाले, "मी ते कोरून घेतलं, मी खोडणार नाही. ज्याचं आहे त्याने येऊन खोडावं." आणि डंकनची एक छिन्नी मागून आणून त्यांनी दाराशेजारच्या खिडकीत ठेवली आहे. काल तिला धार लावत बसले होते. त्या दाराची कडी त्यांनी मे महिन्यातच काढली, चार स्क्रू होते. ती भोकं अजून बुजवलेली नाहीत.

मी अजूनही ये असं लिहिलेलं नाही. पत्र मिटायच्या आधी त्यांनी ते मागून घेतलं आहे. पेन धरून बसलेत. अर्धा तास झाला, मी चहा दुसऱ्यांदा तापवला.

आई

रॉरी,
डंकन काहीही म्हणो, दगड चिवट आहे. अर्ध्या दिवसात होणार नाही. महिनाभर तरी लागेल. राहायच्या तयारीने ये.
तुझा बाप